मेथ्यांचं पाणी: साखरेच्या गोळीसोबत की गोळीऐवजी?

सातमजली

सासूबाई ६६ वर्षांच्या, मुक्काम सातारा. साखरेच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन आणि नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड. मध्यंतरी त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक निरोप फिरला: रात्री मूठभर मेथ्या भिजत घाला, सकाळी अनशापोटी पाणी प्या, ४० दिवसांत गोळ्या सुटतील. मंडळातल्या निम्म्या बायकांनी सुरू केलंय. आमच्या सासूबाईंचा हात मुळातच सढळ. त्या पाणी पितात, भिजलेल्या मेथ्या चावून खातात आणि वर दुपारी ताकात मेथीपूड घालून घेतात.

परवा सकाळी ११ च्या सुमारास पूजा करताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. सासऱ्यांनी घरच्या यंत्रावर साखर मोजली तर ५८. साखरपाणी दिल्यावर थोड्या वेळाने हुशारी आली. आता सासूबाई म्हणतात, "बघा, मेथी लागू पडली, गोळीच बंद करते." सासरे म्हणतात, मेथी बंद कर. दोघांचेही फोन मलाच. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळालीय. तोवर जाणकारांनी सांगा, मेथीने साखर खरंच उतरते का? आणि गोळ्या चालू असताना किती घ्यावी?

बरणीतली_फोड

मूठभर?? आमच्याकडे किलोभर कैरीच्या लोणच्याला जेवढ्या मेथ्या तळून घालतात तेवढ्या एका वेळी पोटात घालायच्या म्हणजे कमाल आहे. मेथकुटात, कढीच्या फोडणीत, मेथांब्यात जेवढी पडते तेवढी खावी. कडू आहे म्हणून औषध आहे असं धरून चालणाऱ्यांनी कारल्याचं काय केलं ते आठवा.

पुरावाकुठाय

झालं, पुन्हा व्हॉट्सअॅप विद्यापीठ. गोळ्या बंद करू नका, एवढंच लिहून हा धागा बंद करता येईल.

खलबत्ता

पुरावाकुठाय, धागा बंद कशाला करायचा? मेथीचा विषय तसा उडवून लावण्यासारखा नाही, आणि म्हणूनच ती गोळ्यांसोबत घेताना सांभाळावं लागतं. काहीच परिणाम नसता तर मूठभर काय, पसाभर खा म्हटलं असतं. (सांगलीत औषधांचं दुकान आहे माझं. मेथीपूड विकतो आणि ग्लिमेपिराइडही विकतो, त्यामुळे दोन्हीकडचा पक्ष घ्यायला मोकळा.)

सातमजली, ७० च्या खाली गेली की ती लो शुगर. ५८ ही चेष्टा नव्हे. सासऱ्यांनी केलं ते बरोबर केलं. तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटं थांबून पुन्हा मोजणी, वर आली नसेल तर पुन्हा साखरपाणी. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता कारण. मेथीच्या दाण्याचं जवळपास निम्मं वजन तंतूंचं असतं. त्यातला विरघळणारा भाग म्हणजे गॅलॅक्टोमॅनन. रात्रभर भिजलेल्या मेथ्या बोटांत धरल्या की जो बुळबुळीतपणा लागतो तो त्याचाच. पोटात तो आणखी फुगतो, अन्न सावकाश पुढे सरकतं आणि जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरते. शिवाय दाण्यात ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसीन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, ते इन्सुलिन स्रवायला मदत करतं असं प्रयोगशाळेत दिसलंय.

ग्लिमेपिराइड वेगळंच काम करतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर अशी सहसा कोसळत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिनवाल्यांनी मात्र जपायचं.

माझा एकच प्रश्न: मेथ्या खायला लागल्यापासून सासूबाईंचा नाश्ता कमी झालाय का?

सातमजली

आत्ताच फोन केला. झालाय! पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून दोन पोळ्यांची एक झाली, आणि त्या दिवशी तर "मग खाते" म्हणून फक्त चहा घेतला होता. गोळी मात्र वेळेवर, सकाळी ८ ला.

खलबत्ता

मग कोडं सुटलं म्हणायचं. मेथीने भूक मारली, नाश्ता राहिला, गोळीने आपलं काम केलं. गुरुवारी डॉक्टरांना हे एवढं जरूर सांगा. आपले लोक "काय काय घेता" म्हटलं की गोळ्या सांगतात आणि काढे, चूर्ण, पाणी सांगतच नाहीत.

अनुपान

व्यवसायाने वैद्य आहे. बरणीतली_फोड यांनी गमतीत लिहिलंय, पण मुद्दा मात्रेचाच आहे. भावप्रकाशात मेथिका 'वातशमनी, श्लेष्मघ्नी, ज्वरनाशिनी' अशी येते. मेथी, आळीव, काळं जिरं म्हणजे कलौंजी आणि ओवा या चौघांना मिळून चतुर्बीज म्हणतात. वात आणि पोटाच्या तक्रारींसाठी ते सांगितलंय. मेथी उष्ण आहे. पित्ताची प्रकृती, अंगावरून जास्त जाणं, नाकातून रक्त येणं अशा तक्रारी असणाऱ्यांना मी ती देत नाही.

तिथेच पुढे रानमेथी गुणाने कमी पण घोड्यांना चांगली, असंही म्हटलंय. लॅटिन नावातही 'ग्रीक गवत' असाच अर्थ आहे. म्हणजे तिकडेही ती जनावरांच्या गव्हाणीतूनच ओळखीची झाली.

४० दिवसांत मधुमेह मुळापासून जाईल असं कुठल्याही ग्रंथात मी वाचलेलं नाही. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने तर मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे.

पुरावाकुठाय

बरं, मग पुरावा सांगा. ग्रंथ नको.

खलबत्ता

घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी मेथीवर बरंच काम केलंय. १९९० साली त्यांनी टाइप १ च्या (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा) रुग्णांना रोज १०० ग्रॅम मेथीपूड दिली, तेल आणि कडूपणा काढलेली, दोन जेवणांत विभागून, १० दिवस. उपाशीपोटीची साखर उतरली, लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. कोलेस्टेरॉलही उतरलं.

पण १०० ग्रॅम म्हणजे किती? सपाट चहाचा चमचा मेथ्या साधारण पावणेचार ग्रॅम. म्हणजे २७ चमचे. रुग्ण मोजके, दिवस थोडे. पुढे कमी मात्रेवरही अभ्यास झाले, २५ ग्रॅमचे, १० ग्रॅमचे. भारतातच मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना रोज १० ग्रॅम, दोन वेळा विभागून, ३ वर्षं देऊन पाहिलं. मेथी न घेणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. एकूण चित्र असं: फरक पडतो, जेवणानंतरच्या साखरेत जास्त दिसतो, पण बरेचसे अभ्यास लहान आणि सैल बांधणीचे. कुठल्याही अभ्यासात गोळ्या फेकून देऊन मेथी घ्या असं सांगितलेलं नाही.

आणि पाण्याबद्दल. बहुतेक अभ्यास पूड किंवा अख्ख्या दाण्यांवर आहेत. तुम्ही पाणी पिऊन मेथ्या तुळशीत टाकत असाल तर थोडा बुळबुळीतपणा तेवढा पोटात जातो, बाकी तंतू तुळशीला. त्या बाबतीत सासूबाई मंडळातल्या इतरांपेक्षा हुशार, मेथ्या खातात तरी.

कुरळे_प्रकरण

साखरेचं माहीत नाही, पण केसांना मेथीचा लेप लावल्यावर मला डोक्यात भयंकर खाज आणि पापण्या सुजल्या. मला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. दोन्हीचा काही संबंध?

अनुपान

संबंध आहे. मेथी, शेंगदाणा, हरभरा एकाच शेंगांच्या कुळातले. एकाची अॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याची होऊ शकते. लेप बंद, खाण्यातही जपून. श्वासाला त्रास झाला तर थांबू नका, ताबडतोब दवाखाना.

डंबेलदादा

आमच्या जिममध्ये मेथीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतात, टेस्टोस्टेरॉन वाढतं म्हणून. डब्यावर बैलाचं चित्र. फायदा होतो का?

पुरावाकुठाय

डब्याच्या मालकाला होतो.

खलबत्ता

😀 अगदीच शून्य नाही, पण बरेचसे अभ्यास कॅप्सूल बनवणाऱ्यांच्याच पैशावर झालेले आणि निकाल एकसारखे नाहीत. अर्क म्हणजे भाजी नव्हे, हेही लक्षात घ्या. असे अर्क घेतल्यावर यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, क्वचित पण आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर डबा घेऊन डॉक्टरकडे जा.

बर्फाळ_अंगण

टोरंटोहून. धागा वाचून राहवलं नाही. मुलगी झाली तेव्हा आईने विमानातून मेथीचे लाडू आणले. डिंक, खारीक, खोबरं सगळं साग्रसंगीत. वर इथल्या दुकानातल्या मेथीच्या कॅप्सूलही दूध वाढावं म्हणून मी घेत होते. काही दिवसांत माझ्या घामाला गोडसर वास यायला लागला, मग बाळाच्या लंगोटालाही. तो वास ओळखायला या देशात कोणाला वेळ लागत नाही: मेपल सिरप! तपासणीला नेलं तर डॉक्टरीण बाईंनी आधी नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट उघडला, मग मला विचारलं, "तुम्ही मेथी खाता का?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

त्यांनी समजावलं ते असं. बाळांना एक दुर्मिळ जन्मजात आजार असतो, त्यात लघवीला हाच वास येतो, आणि तो वेळेवर न ओळखला तर मेंदूवर बेतते. मेथीतही सोटोलॉन नावाचं तेच वासाचं द्रव्य असतं, ते आईच्या दुधातून बाळाकडे जातं. म्हणून आईने मेथी घेतली असेल तर आधी सांगायचं, नाहीतर सगळ्यांची धावपळ. आमचा रिपोर्ट ठीक होता.

अवांतर: न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून अधूनमधून शहरभर असाच गोड वास पसरायचा, लोक घाबरून तक्रारीचे फोन करायचे. २००९ मध्ये उलगडा झाला, नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या स्वादद्रव्यांच्या कारखान्यात मेथ्यांवर प्रक्रिया चालायची.

बरणीतली_फोड

न्यूयॉर्क मेथ्यांच्या वासाने हैराण! आमच्या चाळीत कुणी लाडू वळायला घेतले की तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं, पण मनपाला फोन कोणी केला नाही.

बाळंतिणीच्या लाडवांचं एक सांगते. माझ्या आजीच्या हातच्या प्रमाणात मेथ्या अगदी बेताच्या असायच्या, बाकी कणीक, खोबरं, खारीक, डिंक, गूळ. मेथ्या भरड दळून आठवडाभर तुपात भिजवायच्या, म्हणजे कडूपणा उतरतो. दिवसाला एक लाडू, सकाळी. आणि गरोदरपणी आजी लाडवाच्या डब्याला हात लावू द्यायची नाही.

अनुपान

आजीचं बरोबर होतं. गरोदरपणी मेथीची भाजी, पराठे खायला हरकत नाही. औषध म्हणून चमच्या-चमच्याने पूड, कॅप्सूल, काढा मात्र टाळायचा. गर्भाशयाचं आकुंचन वाढण्याची शक्यता आहे, आणि जनावरांवरच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेचे गर्भावर वाईट परिणाम दिसलेत.

दूध वाढण्याबद्दल: काही लहान अभ्यासांत वाढलं, काहींत फरक पडला नाही. बाळाला वारंवार आणि नीट पाजणं हे कुठल्याही लाडवापेक्षा जास्त कामाचं. लाडू बाळंतिणीची ताकद भरून यायला आहेत, त्यात काही वावगं नाही. बाळाला पातळ शी किंवा गॅस झाला तर काही दिवस मेथी थांबवून बघा.

एल्बेकाठी

हॅम्बुर्गहून लिहितोय. मेथीच्या सुरक्षिततेबद्दल बोलताय आणि २०११ चा उल्लेख अजून नाही, म्हणून लिहितो. त्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत लोक रक्ताच्या जुलाबांनी पटापट आजारी पडायला लागले, अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर. टनावारी काकड्या फेकल्या गेल्या, तिथल्या शेतकऱ्यांचं दिवाळं वाजलं. शेवटी माग निघाला तो मोड आलेल्या धान्यापर्यंत, आणि तिथून इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियांच्या एका खेपेपर्यंत. जंतू होता ई. कोलाय ओ१०४:एच४. ३,८०० च्या वर लोक आजारी, ५० हून अधिक मृत्यू. मग युरोपने इजिप्तच्या मेथीवर बंदी घातली.

दोष मेथीचा नव्हता, बियांवर बसलेल्या जंतूंचा होता. पण मोड आणण्यासाठी आपण जे करतो, ओलावा, ऊब, रात्रभर फडक्यात बांधून ठेवणं, त्यात जंतूही मजेत वाढतात. इथे तेव्हा लोकांनी ते मोड कच्चेच सॅलडवर भुरभुरून खाल्ले होते. मी तेव्हापासून मोडाची मेथी कच्ची खात नाही. उसळ करून, चांगली वाफ आणून खातो.

बरणीतली_फोड

बापरे, हे माहीत नव्हतं. आपल्याकडे मेथ्यांची उसळ शिजवूनच करतात म्हणा. मोड आलेल्या मेथ्या, गूळ, ओलं खोबरं. पण हल्ली डाएटवाले कच्चे मोड वाटीभर खातात.

सातमजली

गुरुवार झाला. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं (सासूबाईंनी सोबत मेथ्यांची बरणी नेली होती, दाखवायला). एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आधीपेक्षा थोडं उतरलंय. त्याचं श्रेय मेथीला द्यायचं की कमी झालेल्या पोळ्यांना, यावर डॉक्टर हसले फक्त. मेटफॉर्मिन तसंच, ग्लिमेपिराइडची मात्रा त्यांनी स्वतः निम्मी केली. मेथी घ्यायची तर सपाट एक चमचा पूड, दुपारच्या जेवणाबरोबर, भरपूर पाण्यासोबत. रोज तेवढीच, एक दिवस मूठभर आणि चार दिवस काही नाही असं नको. गोळी घेतली की नाश्ता झालाच पाहिजे. दोन आठवडे घरी साखर मोजून वहीत लिहायची.

आणि एक नवंच निघालं. सासूबाई थायरॉइडची गोळी सकाळी त्याच मेथीच्या पाण्याबरोबर घेत होत्या! "अनशापोटी पाण्याबरोबर घ्या असंच तर सांगितलं होतं," असं त्यांचं म्हणणं. आता टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला सांगितलंय.

खलबत्ता

अहो, हे मी रोज बघतो गल्ल्यावर. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. मेथीचा, इसबगोलाचा असा बुळबुळीत तंतू गोळी शोषू देत नाही, मग डॉक्टर मात्रा वाढवत बसतात. सकाळच्या इतर गोळ्यांपासूनही मेथी दोन तास तरी लांब ठेवा. दुपारच्या जेवणासोबत दिली हे उत्तमच झालं.

कोरडी पूड तोंडात टाकून वर घोटभर पाणी, असं कोणी करत असेल तर नको. घशात फुगते. ताकात किंवा आमटीत कालवून घ्या.

पुरावाकुठाय

खलबत्ता, या धाग्यावर तुमच्याशी भांडायला काहीच मिळालं नाही याची खंत आहे. एक शेवटचं: बाबा ७२, हृदयाची झडप बदललीय, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू. त्यांनाही कोणीतरी गुडघ्यांसाठी मेथीचे लाडू दिलेत. दिवसाला दोन खातात.

खलबत्ता

वॉरफरिनवर मेथी आणि दुसरी एक वनस्पती सोबत घेतलेल्या रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढल्याची नोंद आहे, आणि ती थांबवल्यावर उतरला. एकाच रुग्णाची गोष्ट, पण कृत्रिम झडप असताना प्रयोग घरी करायचा नसतो. लाडू आज थांबवा आणि हृदयरोगतज्ज्ञांना कळवा. किती दिवस खाल्ले तेही सांगा, आयएनआर कधी करायचा ते तेच ठरवतील. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शी यांतलं काही दिसलं तर मात्र वाट बघू नका. भाजीतली मेथी बंद करायची गरज नाही, फक्त पालेभाज्यांचं प्रमाण आठवड्यागणिक वरखाली करू नका. त्यानेही आयएनआर हलतो.

पुरावाकुठाय

धन्यवाद. डबा उचलला. बाबा रुसलेत.

बरणीतली_फोड

त्यांना मेथकूट-भात द्या, वर तुपाची धार. मेथकुटात डाळी-तांदूळच जास्त, मेथी नावापुरती. आणि मेथांब्याची कृती दोघांनी व्यनितून मागितलीय, ती वेगळ्या धाग्यावर टाकते, इथे नको.

सातमजली

टीएसएच आला की इथेच लिहिते. भजनी मंडळाच्या ग्रुपवर सासूबाईंनी स्वतः लिहिलंय की गोळी कोणी बंद करू नका. खाली लगेच कोणीतरी दालचिनीच्या पाण्याचा निरोप टाकलाय. खलबत्ता, दालचिनीचं काय?

खलबत्ता

नवीन धागा काढा. दुकान उघडायची वेळ झाली.